धक्के बसले, विमान नीट उतरलं. तरीही टेक लॉगमध्ये लिहायचं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मुलुंडला राहणाऱ्या एका नोकरदार बाईंकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. शनिवार-रविवारी त्या खानदेशातल्या एका फ्लाइंग क्लबात जाऊन सेस्ना १७२ एस उडवतात. मेच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, मैत्रिणीला शेजारी बसवून परत येताना उतरणीत वेग १४० नॉटपर्यंत, म्हणजे एअरस्पीड इंडिकेटरच्या पिवळ्या पट्ट्यात गेला होता. डोंगरांवर अचानक जोराचे धक्के सुरू झाले. एका धक्क्यात दोघींची डोकी छताला लागली, उजवा पंख खाली गेला, आणि त्यांनी घाबरून योक (विमानाचं स्टिअरिंग) एकदम मागे ओढत डावीकडे फिरवला. मग थ्रॉटल कमी करून वेग १०५ वर आणला. पुढचं सगळं सुरळीत झालं. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, काही लिहिलं नाही. क्लबातले एक सीनियर म्हणाले, "व्हीएपर्यंत (कंट्रोल जोरात हलवायला सुरक्षित मानलेल्या वेगापर्यंत) खाली आलीस ना? मग झालं. विमान दीडपट भार सोसायला बनवलेलं असतं. लिहिलंस तर विमान बसून राहील आणि सगळे म्हणतील, बाई घाबरल्या." तेव्हापासून त्यांना झोप नाही. त्या विचारतात: विमानाला काही झालं असेल का? आता सांगू की राहू दे? आणि पुढच्या महिन्यात चौघं मिळून जायचं ठरलंय, तर भरलेलं विमान अशा हवेत जास्त धोक्यात असतं का?

उत्तर:

आधी काम, मग कारणं. हे वाचून झाल्यावर क्लबाच्या चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरांना फोन करा. मेसेज नको, फोन. "त्या दिवशी उतरणीत १४० नॉटला जोराचे धक्के बसले, डोकी छताला लागली, मी योक जोरात ओढला. विमान तपासून घ्यावं असं मला वाटतं," एवढी तीन वाक्यं पुरेत. तुम्ही पत्र लिहून उत्तराची वाट बघत असताना त्याच विमानातून विद्यार्थी धावपट्टीभोवती सर्किट मारत असणार, त्यांच्यातला एखादा सोलोसुद्धा. म्हणून हे पहिलं.

माझा अंदाज विचाराल तर तपासणीत बहुधा काही निघणार नाही. सेस्ना १७२ हे दणकट विमान आहे. पण हा अंदाज आहे, आणि अंदाजावर विमान उडवायचं नसतं. तुमच्या सीनियरनी जी दोन वाक्यं सांगितली ती क्लबाक्लबांतून ऐकू येतात. दोन्हींत थोडं खरं आहे, म्हणूनच ती जास्त फसवतात.

दीडपटीचं वाक्य आधी घेऊ. नॉर्मल कॅटेगरीत १७२ एसची मर्यादा फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या, खाली करता येणाऱ्या फळ्या) वर असताना वरच्या दिशेने ३.८ जी, म्हणजे वजनाच्या ३.८ पट भार, आणि खालच्या दिशेने १.५२ जी आहे. हा झाला लिमिट लोड. इथपर्यंत भार आला तर सांगाडा लवचिकपणे वाकतो आणि भार गेला की मूळ आकारात येतो. दीडपट म्हणजे ५.७ जी, हा अल्टिमेट लोड. तिथे नियमांची अपेक्षा एवढीच असते की सांगाड्याने तीन सेकंद मोडू नये. वाकू नये असं कुणी म्हटलेलं नाही. ३.८ आणि ५.७ च्या मधल्या जागेत विमान तुम्हाला घरी आणू शकतं आणि तरीही कायमचं बिघडलेलं असू शकतं. ॲल्युमिनियमचं पातेलं हातातून पडलं तर पोचा येतो, पातेलं गळत नाही, पण तो पोचा आपणहून जातही नाही. शिवाय हे आकडे नव्या, गंज नसलेल्या सांगाड्याचे आहेत. क्लबाच्या विमानाने हजारो लँडिंग खाल्लेली असतात. समुद्राजवळ, जुहूसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या विमानाच्या स्ट्रटच्या (पंखाला आधार देणाऱ्या तिरप्या दांडीच्या) खालच्या टोकाशी खारी हवा काय करते ते कुठल्याही एएमईला (विमानाची देखभाल करणाऱ्या इंजिनिअरला) विचारा. ती दीडपट वैमानिकाने वापरायची शिल्लक नाही. धातूतला फरक, बनावटीतल्या चुका आणि झीज यांच्यासाठी ती राखून ठेवलेली आहे.

आता व्हीए. इथे जरा थांबावं लागेल, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे.

पंख एका ठराविक कोनापर्यंतच लिफ्ट, म्हणजे वर उचलणारं बल, वाढवतो. त्यापुढे स्टॉल होतो, म्हणजे ते बल ढासळतं. वेग कमी असेल तर योक ओढल्यावर भार मर्यादेपर्यंत पोचण्याआधी पंख स्टॉल होतो आणि सांगाडा वाचतो. वेग जास्त असेल तर आधी मर्यादा ओलांडली जाते, स्टॉल नंतर. या दोन्हींची सीमा म्हणजे व्हीए. पण ती एक ठरलेली रेघ नाही, वजनाबरोबर सरकते. १७२ एसच्या पीओएचमध्ये, म्हणजे वैमानिकाच्या माहितीपुस्तिकेत, तीन आकडे दिलेले आहेत: ११५७ किलोला १०५ नॉट, ९९८ किलोला ९८, ८६२ किलोला ९०. बहुतेकांच्या डोक्यात त्यातला पहिलाच राहतो, तुमच्याही राहिला.

तुमचा हिशेब मांडू. रिकामं विमान साधारण ७७० किलो, तुम्ही दोघी मिळून १३०, अर्ध्या टाक्या म्हणजे सुमारे १०० लिटर ॲव्हगॅस (विमानाचं पेट्रोल), त्याचे ७२ किलो, वर थोडं सामान. एकूण ९८० च्या आसपास. कमाल वजनापेक्षा हे १५ टक्के कमी. व्हीए वजनाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणून तोंडी हिशेबाला सोपं: वजन जेवढे टक्के कमी, त्याच्या निम्मे टक्के व्हीए कमी. साडेसात टक्के उतरवले की १०५ चे ९७ होतात. म्हणजे १०५ वर आल्यावर तुम्ही व्हीएच्या खाली नव्हतातच, आठ नॉट वर होतात.

हलकं विमान जास्त जपायचं, हे ऐकायला उलटं वाटतं. पण तेवढ्याच लिफ्टने हलकं विमान जास्त जोरात उचललं जातं, आणि त्या उचलण्याचा ताण फक्त पंखांवर येत नाही. पुढचं इंजिन सव्वाशे किलोंच्या घरातलं आहे. ३.८ जीला इंजिन माउंटला ते पावणेपाचशे किलोंसारखं वाटतं, मग मागच्या सीटवर कुणी बसलेलं असो वा नसो. बॅटरीचा ट्रे, सीटचे रूळ, सगळ्यांचं असंच. या वस्तूंचं वजन कमी होत नाही, त्यांना बसणारा जी मात्र वाढतो.

१४० ला काय होऊ शकलं असतं? तुमच्या वजनाला फ्लॅप वर असताना स्टॉलचा वेग ४९ नॉटच्या आसपास येतो. ९७ ला तुम्ही त्याच्या जवळपास दुप्पट वेगात असता, त्याचा वर्ग साधारण ३.९, म्हणजे पंख मर्यादेच्या उंबरठ्यावरच स्टॉल होतो. १४० ला वेग स्टॉलच्या पावणेतीन पटीहून थोडा जास्त, वर्ग जवळजवळ ८. योक पोटापर्यंत ओढला असता तर वाटेत अडवायला काही नव्हतं. तुम्ही तेवढा ओढला नाहीत हे उघड आहे. पण किती ओढला, हे आठवणीवरून ठरवता येणार नाही.

त्यात तुम्ही ओढला आणि वळवला, एकाच वेळी. ३.८ हा आकडा दोन्ही पंखांवर सारखा भार असतानाचा आहे. ऐलरॉन (पंखाच्या टोकाकडची, विमान कलवणारी फळी) फिरवला की वर जाणाऱ्या पंखावर जास्त भार येतो आणि पंखाला पीळही पडतो. म्हणून ऐलरॉन फिरवलेला असतानाची ताकद तपासताना डिझाइनचे नियम सरळ खेचीच्या दोन तृतीयांश भारच धरतात. तुमच्या विमानाला तो अडीच जी होतो. कॉकपिटमध्ये हा आकडा कुठेही लिहिलेला नसतो. लक्षात ठेवा: आधी पंख सरळ, मग ओढ.

आणि डोकी छताला लागली, याचा अर्थ त्या क्षणी विमान शून्याच्याही खाली, ऋण जीमध्ये गेलं होतं. खालच्या बाजूची मर्यादा वरच्याच्या फक्त ४० टक्के आहे. पट्टेही सैल होते, हेही त्यावरून कळतं.

व्हीएच्या खाली काहीही केलं तरी चालतं, हा समज मोठ्या विमानांच्या वैमानिकांतही होता. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या एअरबस ए३०० चं उभं शेपूट हवेत निखळलं आणि जमिनीवरच्या लोकांसह २६५ माणसं गेली. वेग व्हीएच्या खाली होता. सहवैमानिकाने पुढच्या विमानाच्या मागच्या भोवऱ्यात रडर (उभ्या शेपटाची फिरती फळी) एकदा इकडे, एकदा तिकडे असा पुन्हा पुन्हा पूर्ण दाबला होता. व्हीएची हमी एका कंट्रोलची, एका अक्षावरची, एका दिशेने केलेली एक पूर्ण हालचाल एवढ्यापुरतीच असते. उलटसुलट हालचालींना आणि दोन कंट्रोल मिळून केलेल्या हालचालींना ती लागू नाही.

हवेच्या झोतांचं गणित योकच्या खेचीपेक्षा वेगळं चालतं. खेचीने येऊ शकणारा भार वेगाच्या वर्गाने वाढतो, उभ्या झोताने येणारा भार सरळ वेगाच्या प्रमाणात. जो झोत १४० ला वर २ जी घालेल तोच ९७ ला १.४ घालेल. पिवळा पट्टा १२९ पासून १६३ पर्यंत का रंगवतात, त्याचं उत्तरही झोतांतच आहे. डिझाइन करताना हिरव्या पट्ट्याच्या टोकाच्या आसपास जेवढा झोत धरतात, त्याच्या निम्माच डाइव्हच्या कमाल वेगाला धरतात. म्हणजे पिवळ्यात जसजसं आत जाल तसतसं विमान कमी झोतासाठी बनवलेलं असतं. हवा गुळगुळीत असेल तरच पिवळा, हे वाक्य म्हणूनच शब्दशः घ्यायचं.

आता सांगण्याविषयी. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. गप्प राहायचं, इन्स्ट्रक्टरना नुसतं तोंडी सांगायचं, किंवा तोंडी सांगून टेक लॉगमध्ये लिहायचं. पहिली तुम्हालाच पटलेली नाही, नाहीतर झोप उडाली नसती. दुसरी सोपी वाटते, पण तोंडी सांगितलेलं त्या संध्याकाळच्या चहापर्यंतच टिकतं. सहा महिन्यांनी एखाद्या रिव्हेटभोवती काळं दिसलं तर एएमईला त्या दिवसाचा संदर्भ कुठून मिळणार? तिसरीच घ्या. मागची तारीख मात्र घालू नका. आजच्या तारखेने लिहा की अमुक दिवशीच्या उड्डाणात हे घडलं. मजकूर कोरडा ठेवा: "उतरणीत दर्शक वेग १४० नॉट, उंची अमुक, जोराचा टर्ब्युलन्स, क्षणभर ऋण जी, योक आणि ऐलरॉन एकत्र जोरात, अंदाजे वजन ९८० किलो, फ्लॅप वर. तपासणीची विनंती." भीती, माफी, कारणं यातलं काही नको. विमानात 'जी १०००' नावाचं डिजिटल पॅनेल असेल आणि त्यात डेटा कार्ड असेल तर त्या उड्डाणाची फाइल कॉपी करून द्यायला सांगा. त्यात वेग आणि उभा जी सेकंदासेकंदाला नोंदलेला असतो. धक्क्याचा नेमका शिखरबिंदू दोन नोंदींच्या मधे निसटू शकतो, तरी तर्कापेक्षा ते कितीतरी बरं.

जोराच्या टर्ब्युलन्सनंतरची तपासणी हा ठरलेला प्रकार आहे, आणि ती एएमईनेच करायची आणि सही करायची असते. पंखाच्या मुळाशी असलेली फेअरिंग काढून जोडाचे बोल्ट बघतात, स्ट्रटची दोन्ही टोकं बघतात, आडवं शेपूट जिथे बसतं तिथली पत्र्याची सुरकुती बघतात, इंजिन माउंटच्या नळ्यांच्या वेल्डवर भेगा शोधतात, केबलचा ताण मोजतात. फायरवॉलचा पत्रा वाकला आहे का, तेही.

वैमानिकाला मात्र रोजच्या वॉक-अराउंडमध्ये बरंच दिसू शकतं. सकाळी ऊन तिरपं असताना पंखाच्या टोकाशी उभं राहून वरच्या पत्र्यावरून नजर टाका. लहर असेल तर त्या तिरप्या उजेडात दिसते, दुपारी दिसत नाही. रिव्हेटच्या मागे करड्या-काळ्या धुरासारखा ओघळ असेल तर तो रिव्हेट सैल होऊन घासतोय. तो ओघळ म्हणजे ॲल्युमिनियमची भुकटी. कापडाने पुसून टाकू नका, आधी दाखवा. १७२ एसमध्ये टाकी वेगळी नसते, पंखाचा सांगाडाच टाकी असतो, म्हणून पंखाच्या खालच्या जोडावर निळसर डाग दिसला तर शंभर एलएल, म्हणजे निळसर ॲव्हगॅस, झिरपतंय. दार कालपर्यंत सहज लागत होतं आणि आज अडतंय, तर तेही सांगण्यासारखं आहे.

"बाई घाबरल्या" म्हणतील, याची भीती खोटी नाही. म्हणणारे म्हणतील. पण ज्या क्लबात नोंद करणाऱ्याला बोलणी बसतात तिथे पुढचा माणूस नोंद करत नाही, आणि त्याची किंमत ज्याला काही माहीत नव्हतं त्याला मोजावी लागते. तुमच्या चीफ इन्स्ट्रक्टरना हे चांगलं ठाऊक असणार. बहुतेक जण फोन ठेवण्याआधी आभार मानतात. त्यांनी टाळाटाळ केली तर तुमची लेखी नोंद तरी राहते, आणि तपासणीवर सही होईपर्यंत त्या विमानात तुम्ही बसू नका.

मुंबईकरांना हे जवळचं वाटावं असं एक उदाहरण इथलंच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते पुस मॉथ विमानातून. आजच्या भाषेत हलकं टूरिंग विमानच. त्याच वर्षांत, १९३० पासून, जगात ठिकठिकाणी काही पुस मॉथ उडताना हवेतच मोडली होती. सुरुवातीला कारण कळेना. शेवटी संशय पंखाच्या पुढच्या स्ट्रटवर स्थिरावला, आणि उपाय म्हणून तिथे आधाराची एक छोटी दांडी बसवली गेली. मोडलेल्या प्रत्येक विमानाचे तुकडे कुणीतरी गोळा केले आणि लिहून ठेवलं म्हणून ती दांडी आली.

पुढच्या उड्डाणासाठी. एप्रिल-मेमध्ये खानदेशात आणि घाटमाथ्यावर अकरानंतर जमीन तापून हवा उसळायला लागते. शक्यतो दहाच्या आत उतरा. वळवाचे ढग दिसले तर वीस नॉटिकल मैलांच्या आत जाऊ नका. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे उतरतो तेव्हा डोंगरांच्या मागच्या बाजूला हवा खाली ओढते, तिथे उंची राखून जा. उतरणी लवकर सुरू करा. ४,००० फूट उतरायचे असतील तर मिनिटाला ५०० फुटांनी आठ मिनिटं लागतात, म्हणजे मुक्कामाच्या पंधरा-सोळा मैल आधीच थ्रॉटल थोडा मागे. वेग हिरव्यातच राहतो आणि घाई होत नाही.

धक्के लागलेच तर पहिला हात थ्रॉटलवर. नाक वर खेचून वेग मारायचा नाही. साधारण २,१०० ते २,२०० आरपीएमवर हे विमान नव्वदीत स्थिरावतं, विमानागणिक थोडा फरक पडतो. त्या दिवशीच्या वजनाच्या व्हीएच्या खाली पाच-दहा नॉट धरा. त्याहून फार कमी नको, कारण झोत वेगही खातो आणि मग स्टॉल जवळ येतो. पंख सरळ, नाक क्षितिजाशी, आणि उंची शंभर-दोनशे फूट वरखाली झाली तर होऊ द्या. तिचा पाठलाग करताना हाताने घातलेला भार झोताच्या भारावर चढतो. वेग कमी करायला फ्लॅप काढू नका: फ्लॅप खाली असताना मर्यादा ३.८ वरून ३ जीवर येते. पट्टे उड्डाणापूर्वीच आवळा, मैत्रिणीचाही स्वतः ओढून बघा. आणि निघण्याआधी लोड शीट भरतानाच त्या दिवसाचे दोन व्हीए, निघतानाचा आणि पोचतानाचा, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून गुडघ्यावरच्या पाटीला लावा.

चौघांच्या सहलीचं: भरलेलं विमान झोताने कमी उसळतं आणि त्याचा व्हीए १०५ च्या जवळ असतो, तेवढ्या बाबतीत ते सोयीचं. अट अशी की वजन ११५७ च्या आत आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी आलेखाच्या आत हवा. इथेच चौघांचं गणित अडतं. ७७० किलोंच्या विमानात माणसांना आणि इंधनाला मिळून ३८५ किलो उरतात. प्रत्येकी ७५ धरले तरी ३०० गेले. दहा किलो सामान घेतलंत तर इंधनाला ७५ किलो, म्हणजे साधारण १०४ लिटर. वापरण्याजोग्या पूर्ण टाक्या २०० लिटरच्या आहेत, म्हणजे अर्ध्याच भरायच्या. तासाला ३५ लिटर धरून आणि पाऊण तासाचं राखीव वजा करून दोन तास पुरेल असा पल्ला ठरवा. चौघांची खरी वजनं आधी काट्यावर घ्या, नुसती विचारून नको.